एका घरातले तीन लकवे

आमच्या देऊळगावराजात लकव्याला लकवाच म्हणतात. तोंड वाकडं झालं, लकवा. हात पडला, लकवा. माणूस चालता चालता कोसळून घोरायला लागला, तोही लकवाच. नाव एक म्हणून रोग एक, आणि रोग एक म्हणून औषधही एक, असा गावाचा सरळ हिशोब. माझी आत्या मनकर्णाबाई या हिशोबात फसली. ती अडाणी होती म्हणून फसली असं कुणी म्हटलं तर मी अजूनही भांडायला उठते. डॉक्टरांनी सांगितलेलं जिनं अक्षरशः पाळलं अशी त्या घरात ती एकटीच होती, आणि फसली तीच.

आत्याला दिलं होतं गावातल्याच मापाऱ्याच्या घरी. बाजारात शेतकऱ्याची रास व्यापाऱ्याला मोजून देणारा तो मापारी. राशीपाशी मांडी घालून बसायचं, मापाची पायली भरायची, वरून हातानं सपाट करायची आणि मोठ्यानं आकडा म्हणत ओतायची. पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. पुढे दोन, तीन, चार असं विसापर्यंत. वीस झाल्या की मूठभर ज्वारी खुणेला बाजूला ठेवायची आणि पुन्हा लाभपासून सुरुवात. मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. आकडा तुटलाच तर तेवढ्या वीस पायल्या परत राशीत ओतून नव्यानं मोजायच्या. तिथे पाटलाचीही रदबदली चालत नसे. आत्याचे सासरे उकंडराव हे काम करत आणि त्यांच्या हाताखाली आत्याचे यजमान रंगराव. मी रंगरावांना मामा म्हणायची, पण इथे नावानंच लिहिते, म्हणजे घोटाळा नको.

घरातला पहिला लकवा आत्याच्या सासूचा, सत्यभामाबाईंचा. तो आत्या त्या घरात येण्याच्याही आधीचा. एका सकाळी उठल्या तर तोंड एका बाजूला ओढलेलं, एक डोळा मिटेना, चहा ओठांतून गळायला लागला. हातपाय मात्र ठणठणीत. कुणीतरी कबुतर कापून त्याचं गरम रक्त गालाला चोळलं. महिना-दीड महिन्यात तोंड सरळ झालं. तेव्हापासून सत्यभामाबाई कबुतराच्या भक्त. गावात कुणाला लकवा झाल्याचं कळायचा अवकाश, की बाई कबुतर शोधायला निघाल्याच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण हे त्यांना सांगणार कोण? पुढे डॉक्टरांनी सांगून पाहिलं, की तो चेहऱ्याच्या शिरेचा आजार, मेंदूचा नाहीच, बहुतेकांचा आपोआप बरा होतो. बाई म्हणाल्या, “आपोआप व्हाले कबुतर लागते, डाक्टरसाहेब.”

दुसरा लकवा उकंडरावांचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमच्या दवाखान्यात नागपूरला शिकलेले डॉक्टर लक्ष्मीकांत नुकतेच बदलून आले होते. उकंडराव अंगानं भरलेले, रंगानं तांबूस आणि रागानं त्याहून लाल. भर बाजारात ते एका गाडीवानावर ओरडत होते. ओरडता ओरडता दोन्ही हातांनी डोकं धरलं, “डोकं फुटलं रे माहं” म्हणाले, भडाभडा ओकले आणि खाली कोसळले. घरी आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. घोरणं एवढं मोठं की शेजारच्यांना ऐकू जात होतं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला. पारा नळीत वर गेला तो खाली उतरायचं नाव घेईना. ते म्हणाले, “डोक्यातली रक्ताची नळी फुटली आहे. आत रक्त साचतंय.” त्यांनी उकंडरावांच्या हाताची शीर उघडून वाटीभर रक्त काढलं. तेव्हा असंच करत, दाब उतरावा म्हणून. मग उशा देऊन डोकं उंच केलं, कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि आत्याला बजावलं, “खोली अंधारी ठेवा. आवाज नको. यांना हलवायचं नाही. तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. बाई, जेवढी हालचाल तेवढं रक्त.”

आत्या दाराशी बसली. पण विहिरीवरून पाणी आणायला तिला उठावं लागलंच, आणि तेवढ्यात सत्यभामाबाईंनी नवऱ्याच्या तोंडात गंगेचं पाणी ओतलं. नवरा जायला निघालेला, तो पाण्यावाचून कसा जाऊ द्यायचा? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण बेशुद्ध माणसाच्या घशातून पाणी पोटात जात नाही, छातीत जातं. उकंडरावांची छाती घरघरायला लागली, ताप चढला आणि ते गेले. डॉक्टर नंतर म्हणाले, की पाणी घातलं नसतं तरी ते वाचले नसते, आतला रक्तस्राव फार मोठा होता. सत्यभामाबाईंनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. आत्यानं फक्त ‘पाणी घातलं नसतं’ एवढंच ऐकलं. आपण दार सोडलं म्हणून सासरे गेले, एवढं तिच्या मनात रुतून बसलं.

पुढची काही वर्षं चांगली गेली. पायली रंगरावांकडे आली. बाप जेवढा तापट, मुलगा तेवढाच शांत. लहानपणी रंगरावांचे सांधे सुजून महिनाभर ताप आला होता, आणि तेव्हापासून चढावर त्यांना धाप लागायची. ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. मापारी बसूनच काम करतो, त्याला चढ कुठला?

पोळ्यानंतर चार-दोन दिवसांनी रंगराव सकाळी उठले तर उजवा हात उचलेना. उजवा पाय पण नाही. डोकं दुखत नव्हतं, ओकारी नव्हती. शुद्ध पूर्ण होती. आत्याकडे टक लावून पाहत होते आणि काही सांगायला जात होते, पण शब्द निघत नव्हता.

डॉक्टर त्या आठवड्यात गावात नव्हते. मेहकरकडे पटकी पसरली होती, तिकडे लस टोचायला त्यांना पाठवलं होतं. रंगरावांचा चुलतभाऊ पुंजाजी धावत आला. म्हणाला, “वहिनी, मी छकडा जुपतो. मोगलाईची हद्द का लांब हाये? दुपारपावेतो जालन्याच्या दवाखान्यात नेऊन टाकू.”

आत्या दारात आडवी उभी राहिली. “हलवाचं नाई. डाक्टरनं सांगतलं हाये.”

“डाक्टरनं काकाच्या टायमाले सांगतलं होतं.”

“तेच हाये ना हे बी. लकवाच हाये.”

दुधानं तोंड पोळलं होतं, आता ती ताक फुंकून पीत होती. खिडकीला तिनं घोंगडी लावली. कपाळावर गार घड्या ठेवल्या. उजवा हात लोंबकळून हलू नये म्हणून उपरण्यानं छातीशी बांधून टाकला. सत्यभामाबाईंनी कबुतर आणलं, तर आत्यानं त्यांच्या हातातून हिसकून ते उडवून दिलं. कौलावर बसलेल्या कबुतराकडे बघत बाई म्हणाल्या, “पाह्य, माह्या पोराचा हात उडून चालला.” आत्या हे सांगताना हसायची, पण त्या दिवशी ती हसली नव्हती. तोंडात पाणी घालायचं नाही हाही हुकूम तिनं पाळला. ओल्या फडक्यानं ओठ तेवढे पुसत राहिली. शेवटी रंगरावांनीच डाव्या हातानं तिच्या हातातला तांब्या ओढला, तेव्हा कुठे चमचा चमचा दूध द्यायला लागली.

सगळ्यात कठीण गोष्ट वेगळीच होती. रंगराव बोलू पाहत. घशातून अं, अं असा आवाज काढत. अंधारात त्यांचे डोळे भरून येत. आवाज झाला की रक्त वाढतं, ही आत्याची धास्ती. ती त्यांच्या तोंडावर हात ठेवायची आणि म्हणायची, “चूप राहा. बोलू नका. तुमाले माही आन हाये.” आठवडाभर तिचा हात त्यांच्या तोंडावर होता.

डॉक्टर परतले ते घोड्यावरून उतरून थेट घरी आले. पहिल्यांदा घोंगडी ओढून काढली. नाडी बराच वेळ धरून बसले, मग छातीला नळी लावली. दाब पाहिला तर फारसा नव्हता.

“बाई, हा तो आजार नाही,” ते म्हणाले.

“लकवा नाई का?”

“लकवा आहे, पण तुमच्या सासऱ्यांची नळी फुटली होती. यांची बुजली आहे. लहानपणीच्या तापानं यांच्या काळजाची झडप बिघडली. तिथे रक्ताची गुठळी झाली, ती वाहत जाऊन मेंदूच्या नळीत अडकली. तिथून पुढे रक्त पोचलं नाही, म्हणून हात-पाय आणि वाचा गेली. फुटलेल्याला निजवून ठेवायचं, थंड ठेवायचं. बुजलेल्याला निजवून ठेवलं तर तो आणखी आखडतो.” आणि मग बांधलेला हात सोडवत म्हणाले, “हा कुणी बांधला?”

 आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं होतं. बंबाला बिचाऱ्याला काय माहीत?

नवीन औषध सगळं उलटं होतं. उजेड, वारा, घट्ट पेज. मान पुढे करून चमच्यानं भरवायची, कारण पातळ पाणी अशा माणसाला ठसकवतं. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुखलं, ओरडले तरी हाताचं एक एक बोट, मनगट, कोपर, खांदा हलवायचा. काळजासाठी मोजून थेंब दिले. तेल चोळायलाही परवानगी मिळाली, आणि सत्यभामाबाईंनी त्यात आपला जय मानला. शिवाय डॉक्टर म्हणाले, “यांच्याशी बोलत राहा. चूप बसवू नका.”

त्यांनी लपवलंही काही नाही. ती गुठळी विरघळवायचं औषध आपल्याकडे नाही, नागपुरात नाही, मुंबईतही नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते निघाले तेव्हा आत्या दारापर्यंत गेली आणि तिनं विचारलं, “माह्या हातानं गेली का यांची वाचा?”

डॉक्टर भले माणूस. खोटं बोलले नाहीत. “वाचा पहिल्याच क्षणी गेली असणार. हात मात्र बांधला नसता तर एवढा आखडला नसता, कदाचित. आणि लगेच बोलतं केलं असतं तर चार शब्द लवकर फुटलेही असते. नक्की सांगता येत नाही.”

त्यांना वाटलं आपण तिची समजूत घातली. आत्यानं त्यातलं ‘कदाचित’ तेवढं उचललं आणि उरलेलं दारातच टाकलं.

दिवाळीपर्यंत रंगराव काठीवर चालायला लागले. उजवा हात कोपरात वाकलेला राहिला तो राहिलाच. आणि तोंडातून एक शब्द निघायला लागला, ‘हाव’, म्हणजे हो. जेवता का? हाव. झोपता का? हाव. नको आहे का? हाव. सत्यभामाबाईंनी एकदा वैतागून विचारलं, “मी मरू का?” त्यालाही हावच. बाई आठ दिवस रुसल्या. ऐकलेलं सगळं रंगरावांना समजत होतं, हे डोळ्यांवरून दिसायचं. चुकीचा हाव निघाला की स्वतःच कपाळावर हात मारून घेत. पण तोंड उघडलं की दुसरं काही यायचंच नाही.

बाजारात पुंजाजी मापाला बसायला लागला होता. अडत्यांमध्ये सगळ्यांत मोठे भगवंतराव. त्यांनी निरोप पाठवला, की संक्रांतीनंतर नव्या ज्वारीची मोठी आवक येईल, तोवर रंगराव बसले तर ठीक, नाहीतर पायली पुंजाजीकडे कायमची जाईल. त्यात वाकडं काही नव्हतं. मुका मापारी बाजाराला काय कामाचा? पण आत्या रात्रंदिवस एकच घोकत होती, की पायली गेली तर ती माझ्यामुळे गेली.

एक दिवस ती घरात दळणाची ज्वारी काढत होती. रंगराव भिंतीला टेकून बसले होते. तिनं शेर भरला आणि मनाशीच म्हणाली, “एक.”

मागून आवाज आला, “लाभ.”

आत्याच्या हातातला शेर तसाच राहिला. तिनं वळून पाहिलं. रंगरावही तिच्याइतकेच दचकलेले. तिनं तो शेर ओतला, दुसरा भरला. “दोन,” रंगराव म्हणाले. स्पष्ट, बाजारातल्या आवाजात. तीन, चार, पाच. ज्वारी संपली तेव्हा तिनं विचारलं, “पाणी देऊ?” आणि उत्तर आलं, “हाव.” तोंड परत बंद. तिनं ज्वारी पुन्हा राशीला घातली आणि मोजायला बसली. त्या संध्याकाळी घरात दळणच झालं नाही.

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, की असं होतं. बोलायचं म्हणून बोललेलं एका जागी असतं, आणि जन्मभर घोकलेलं दुसरीकडेही जपून राहतं. अशा लोकांचे श्लोक, शिव्या, पाढे टिकल्याचं त्यांनी वाचलं होतं. मापाऱ्याचं माप टिकलेलं मात्र पहिल्यांदाच पाहत होते. पण एक अडचण होती. पायली ओतली गेली तरच पुढचा आकडा यायचा. ओतणारा थांबला की रंगराव थांबायचे, आणि मधला आकडा विचारला तर तो काही केल्या सांगता यायचा नाही. उजवा हात तर पायली उचलणारच नव्हता.

संक्रांतीला मी चिखलीहून माहेरी आले होते, म्हणून बाजारातलं पुढचं डोळ्यांनी पाहिलं. आत्या डोक्यावरचा पदर घट्ट खोचून पायली घेऊन पुढे, मागे काठी टेकत रंगराव. बाई राशीला हात लावणार म्हटल्यावर लोकांत कुजबुज झाली. माप चालू असताना बाई राशीपाशी उभीसुद्धा राहत नसे. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “माही रास बाटवता का?” भगवंतराव बराच वेळ पानाचा डबा बंद-उघड करत राहिले. मग म्हणाले, “वतते कोन ते पाहू नका. मोजते कोन ते पाहा.”

आत्यानं पायली भरली. रंगरावांनी डाव्या हातानं वरून सपाट केली. तिनं ओतली.

“लाभ.”

 दोन, तीन, चार. पहिला विसा पुरा झाला, आत्यानं मूठ बाजूला ठेवली. दुसरा झाला. तिसऱ्यात तेरापर्यंत आले आणि पुंजाजीला आत्याच्या कपाळावरचा घाम बघवला नाही. तो चांगल्या मनानंच म्हणाला, “वहिनी, दमल्या असान. थांबा जरा.”

आत्याचा हात थांबला. रंगरावांनी तोंड उघडलं. “हाव,” ते म्हणाले. मग पुन्हा, “हाव.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण तो आता हयात नाही, म्हणून सोडून देते. रंगरावांचं तोंड काळंठिक्कर पडलं.

आत्या कुणावर ओरडली नाही. तिसऱ्या विसातला मोजलेला ढीग दोन्ही हातांनी ओढून तिनं परत राशीत लोटला. रीतच होती ती. आकडा तुटला की कुठल्याही मापाऱ्यानं हेच करायचं. मग तिनं पायली भरून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात फिरवला.

“लाभ.”

रास संपेपर्यंत बाजारात कुणी खाकरलंसुद्धा नाही. शेवटी खुणेच्या मुठी मोजल्या. भगवंतरावांनी खात्रीसाठी पोती तोलून पाहिली आणि पान पुढे केलं. पायली रंगरावांकडे राहिली. पुढे ते जाईपर्यंत ती त्यांच्याकडेच होती, आणि त्यांच्या शेजारी आत्या. म्हाताऱ्या शेतकऱ्याची रास काही बाटली नाही. पुढच्या वर्षी तोच म्हणाला, की माप नवरा-बायकोकडूनच पाहिजे.

त्या संध्याकाळचं आत्यानं मला फार वर्षांनी सांगितलं. घरी आल्यावर तिनं त्यांचे पाय धुतले आणि खाली बसून राहिली. पोळ्यापासून एक प्रश्न तिच्या ओठांवर होता, पण ती तो विचारू शकत नव्हती. काहीही विचारलं तरी उत्तर हावच येणार होतं. नको असलेलं ते उत्तर एकदा ऐकलं असतं तर तिला पुढे जगता आलं नसतं. त्या दिवशी मात्र तिच्यानं राहवलं नाही.

“मी तुमचा हात बांधला,” ती म्हणाली. “तोंडावर हात ठेवला. माह्यानंच गेलं ना हे सारं?”

रंगरावांचे ओठ उघडले. ‘हा’ निघालाही असेल. त्यांनी घाईघाईनं डाव्या हातानं तिचा हात ओढला, तिचा तळवा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला, आणि मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. नाही, नाही.

आत्या म्हणाली, तिनं बराच वेळ हात काढला नाही. मग उठून चूल पेटवली.